‘त्याच्या आईनं त्याले काऊन नाही वाचवलं?’

पत्र नागपुरातल्याच एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मजकूर थोडक्यात असा:

‘आमचं घर शहराच्या कडेला, झाडीला लागून. वानरांची टोळी गच्चीवर नेहमीचीच. माझा दहा वर्षांचा मुलगा आणि सासरे (आम्ही त्यांना आबाजी म्हणतो) दर शनिवारी त्यांना पोळ्या घालायचे. टोळीतल्या एका पिल्लाचं नाव मुलानं ‘गोट्या’ ठेवलं होतं. दीड महिन्यापूर्वी टोळीत नवा हुप्प्या (मोठा नर वानर) शिरला. चार दिवस छतांवर नुसता धुडगूस. एका दुपारी शाळेतून आल्यावर मुलगा जिन्याच्या जाळीतून बघत होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्या हुप्प्यानं गोट्याला आईच्या पोटापासून ओढलं, चावलं आणि टाकून दिलं.

तेव्हापासून मुलगा गच्चीवर जात नाही, रात्री दचकून उठतो. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी आबाजींनी त्याला ‘माणसापेक्षा जनावर बरं’ हे भाषण लिहून दिलं होतं. पहिलंच वाक्य असं, की आपल्याच जातीचा जीव घेणारा जगात एकच प्राणी आहे, माणूस. पाठ झालेलं भाषण म्हणायला मुलगा आता तयार नाही. ‘हे खोटं हाय’ म्हणतो. आबाजी दुखावलेत. ‘ते वांदर पिसाळलं असन. जनावर आपल्या जातीले मारत नसते,’ हे त्यांचं पालुपद. मिस्टर म्हणतात, ‘जंगलाचा कायदाच आहे तो, दम असेल तो जगतो. शाळेत तो पोट्टा तुला त्रास देतो ना? दे दोन ठेवून.’ दोघांपैकी खरं कोण? जनावरं माणसांसारखे एकमेकांचे खून करतात का? मुलाला काय सांगू, आणि भाषणाचं काय करू?’

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं. दीड पान आबाजींवर, एक पान मिस्टरांवर, उरलेलं भाषणावर. आणि तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, कंसात, एक ओळ आहे, जी मी वरच्या मजकुरात घेतली नाही: ‘त्याच्या आईनं त्याले काऊन नाही वाचवलं, असं तीनदा विचारलं त्यानं.’

त्या ओळीकडे येतेच. पण आधी तुम्ही जे विचारलंत त्याचं सरळ उत्तर देते, नाहीतर म्हणाल बाईंनी विषय फिरवला.

हो, मारतात. तुमच्या मुलानं पाहिलं ते खरं आहे आणि ते वानर पिसाळलेलं नव्हतं.

आता एक कबुली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत आबाजींचंच वाक्य वर्गात ठणकावून सांगत असे. माझ्या पाठीशी मोठं नाव होतं ना! कोन्राड लोरेन्झ, ऑस्ट्रियाचे, प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी 1973 चं नोबेल मिळालेले. 1963 साली आक्रमकतेवरच्या पुस्तकात त्यांनी मांडलं होतं, की लांडग्यासारख्या तीक्ष्ण दातांच्या प्राण्यांना निसर्गानं आतून लगाम घातलेला असतो. हरणारा शरण आला की जिंकणारा थांबतो. माणसाला तसे सुळेही नाहीत नि नख्याही नाहीत, म्हणून तो लगामही मिळाला नाही, आणि हत्यारं मात्र त्यानं हातानं घडवली. ऐकायला किती छान! एकदा मी हे रंगवून सांगत असताना मागच्या बाकावरचा, मौद्याकडचा एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, ‘मॅडम, आमच्या घरचा बोका मांजरीचे पिल्लं मारते. म्हणून तर मांजर पिल्लाईले सात घरं दाखवते, असं माय म्हणते.’ वर्ग फिसकन हसला. ‘अपवाद असतात,’ असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. बसताना त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. त्याच्या आईला माहीत असलेली गोष्ट माझ्या नोट्समध्ये नव्हती, एवढाच काय तो अपवाद.

आणि ज्याला मी अपवाद म्हणत होते, त्याची शास्त्रात नोंद झाली ती आपल्याच काळतोंड्या वानरांवरून, तीही शेजारच्या राज्यात. 1962 साली युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक धारवाडच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होते. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हुसकावलं, त्यांतल्या एकानं टोळी ताब्यात घेतली आणि मग अंगावर पिणारी पिल्लं एकेक करून मारली गेली. हे वाचून अभ्यासकांना पटेना. गर्दी वाढली असेल, माणसांच्या जवळ राहून डोकी फिरली असतील, असं बरेच जण म्हणाले. आबाजींना हे जरूर सांगा. त्यांचं ‘पिसाळलं असन’ मोठमोठ्या प्राध्यापकांनी इंग्रजीत लिहून ठेवलंय.

मग 1970 च्या दशकात सारा हर्डी ही अमेरिकन संशोधिका माउंट अबूला वानरं बघत बसली. तिनं लावलेला हिशेब असा: टोळीत बहुतेक वेळा प्रौढ नर एकच, बाकी माद्या आणि पोरंसोरं. त्या नराची गादी काही वर्षांचीच, कारण बाहेर बिनटोळीचे नर टपून बसलेले असतात. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. पिल्लू गेलं तर लवकर येते. नव्या नराकडे वेळ थोडा आणि टोळीतली पिल्लं आधीच्या नराची. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष 1999 साली आले: पिल्लू मारणारा नर त्या पिल्लाचा बाप कधीच नव्हता. म्हणजे डोकं फिरलेलं नव्हतं. त्या हुप्प्यानं मनात हिशेब केला असंही नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं वागणाऱ्या नरांची पोरं जास्त उरली, म्हणून ते वागणं उरलं.

मुलाला हा माजाचा भाग सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत असावा म्हणून लिहिलं.

आणि हे वानरांपुरतं नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सस्तन प्राण्यांच्या 260 जाती पाहिल्या, तर 119 जातींत नर पिल्लं मारतात असं आढळलं. सिंह त्यात आहेत, वाघही. आपल्याकडच्या पेपरात अधूनमधून ‘दोन वाघांच्या झुंजीत एक ठार’ अशी चौकट येतेच, ताडोबाची नाहीतर पेंचची. गायबगळ्यांच्या घरट्यात मोठी भावंडं सगळ्यात धाकट्याला टोचून टोचून मारतात किंवा बाहेर ढकलतात. आईबाप शेजारीच बसलेले असतात. मुंग्यांच्या वारुळा-वारुळांत लढाया होतात. घरच्या काचेच्या टाकीतली गप्पी तर स्वतःचीच पिल्लं गिळते, हे टाकी पाळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा.

आणि चिंपांझी? टांझानियातल्या गोम्बे जंगलात जेन गुडॉल यांच्या डोळ्यांसमोर एका टोळीची दोन झाली आणि 1974 ते 1978 या चार वर्षांत मोठ्या टोळीतले नर गटागटानं जाऊन धाकट्या टोळीतल्या नरांना एकेकटे गाठून मारत राहिले. एकत्र वाढलेले, एकमेकांच्या अंगावरच्या उवा काढलेले ते नर होते. धाकटी टोळी संपली. गुडॉल यांनाच हे पचवायला फार जड गेलं. केळी घालून त्यांनीच हे बिघडवलं, असा आरोपही त्यांच्यावर झाला. 2014 साली चिंपांझींच्या 18 टोळ्यांच्या अनेक दशकांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा 152 हत्यांचा हिशेब लागला, काही पाहिलेल्या, काही पुराव्यावरून ठरवलेल्या, काही संशयित. आणि माणसाच्या ढवळाढवळीशी त्यांचा मेळ बसला नाही.

झालं, मिस्टर म्हणतील, बघ, मी काय सांगत होतो!

थांबा. त्याच अभ्यासात बोनोबोंच्याही चार टोळ्या होत्या. बोनोबो म्हणजे चिंपांझीचे सख्खे चुलत, आपल्याशी नातं तितकंच जवळचं. त्यांच्या खात्यात हत्या किती? एक, तीही संशयित. बोनोबोंत माद्या एकजुटीनं राहतात आणि दांडगाई करणाऱ्या नराला सगळ्या मिळून वठणीवर आणतात.

आणखी एक आकडा घ्या. 2016 साली स्पेनमधल्या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या 1,024 जातींतल्या 40 लाखांहून जास्त मृत्यूंची छाननी केली. साधारण 40 टक्के जातींत आपल्याच जातीकडून मरण आल्याच्या नोंदी सापडल्या. पण सरासरी काढली तर हजार मृत्यूंमागे तीन. सगळ्यात वरचा नंबर कुणाचा, तर मिरकॅटचा, तो मागच्या पायांवर उभा राहणारा गोजिरवाणा प्राणी. त्यांच्यात जवळजवळ पाचातला एक मृत्यू असा. माणसाच्या वंशावळीवरून काढलेला आकडा हजारी वीस. म्हणजे माकडकुळातून हे थोडं जास्तीचं आपल्याकडे वारशानं आलंच आहे. पुढे काही काळांत आपण ते कितीतरी वाढवलं आणि कायदा, पोलीस, कोर्टकचेरी आल्यावर आज बऱ्याच देशांत ते कितीतरी खालीही आणलं. मिरकॅटला यातलं काहीच करता येत नाही.

आता धामणींचं ऐका. माझी आजी कुहीकडच्या शेतावर असायची. मी सात-आठ वर्षांची असेन. मृगाच्या आधीचे दिवस, धुऱ्यावर दोन लांबलचक धामणी एकमेकींना पिळा घालून कमरेएवढ्या उभ्या झालेल्या. पडायच्या, पुन्हा उठायच्या. ‘सापाईचं लगन लागलं’ म्हणत आजी घरात पळाली आणि संदुकीतलं कोरं लुगडं आणून तिनं त्यांच्यावर टाकलं. ते लुगडं पुढे कितीतरी वर्षं धान्याच्या कोठीत ठेवलेलं होतं, बरकत येते म्हणून. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की ते लग्न नव्हतं, कुस्ती होती. दोघंही नर. आणि त्या कुस्तीत चावत नाहीत. जो खाली दाबला जातो तो निमूट निघून जातो. आजीला मी हे सांगितलं तर म्हणाली, ‘मंग तं लगनापेक्षा बरं.’

तर दोन्ही बाजूंना पुरून उरेल इतका माल जंगलात आहे. आबाजींना धामणी मिळतील, मिस्टरांना गोम्बे. जो जे शोधायला जाईल ते त्याला सापडेल. म्हणून ‘दोघांपैकी खरं कोण’ हा तुमचा प्रश्नच मला खटकतो. दोघंही जनावरांना साक्षीदार म्हणून उभं करून राहिले; खटला वेगळाच आहे, आणि तो माणसांचा आहे.

‘खून’ हा शब्दच पाहा ना. पूर्वीचं 302, आता भारतीय न्याय संहितेचं 103. हा शब्द लावायला मारणाऱ्याला कळत असावं लागतं आणि त्याला जाब विचारणारं कुणी असावं लागतं. आपला कायदा सात वर्षांखालच्या पोराला कुठल्याच गुन्ह्याचा गुन्हेगार धरत नाही, मग हुप्प्याला कुठून धरणार? (फ्रान्समध्ये 1386 साली फालेझ गावात मूल मारल्याबद्दल एका डुकरिणीला रीतसर खटला चालवून फाशी दिलं होतं. त्याचं आज आपल्याला हसू येतं, ते बरंच आहे.) जनावर मारतं, खून करत नाही. पण खुनी नाही म्हणून ते संतही होत नाही. मुलाला हे समजेल. दहा वर्षांच्या मुलांना ‘चुकून’ आणि ‘मुद्दाम’ यातला फरक आपल्यापेक्षा बारीक कळतो, मधल्या सुट्टीत तेच तर चाललेलं असतं.

माणसाचं निराळेपण मला विचाराल तर नागपुरातच रोज सकाळी कितीतरी घरांत ते म्हटलं जातं. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी जे पंचशील घेतलं, त्याची पहिली ओळ: ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ जीव घेण्यापासून दूर राहण्याची शिकवण मी घेतो. यातल्या ‘सिक्खापद’ या शब्दावर मी नेहमी अडते. शिकायची गोष्ट! माणूस मुळातच असा असतो, असं ही ओळ म्हणत नाही. शिकावं लागतं, आणि रोज पुन्हा म्हणावं लागतं.

आता आबाजी. त्यांना आकडे दाखवून हरवू नका. ताई, सत्तरीचा शेतकरी माणूस आहे तो. कोंबडी दुसरीच्या पिल्लाला टोचून मारते हे त्यांनी पाहिलं नसेल? बोका पाहिला नसेल? दोन वळूंची झुंज सोडवायला काठी घेऊन धावले नसतील? सगळं पाहिलेलं आहे, तरी ते वाक्य सुटत नाही. का, ते तुमच्याच पत्रात दुसऱ्या पानावर आहे: काटोलकडची संत्र्याची बाग, भावांनी लावलेला दावा, चौदा वर्षं तारखा. मराठीनं भावांच्या नात्यावरून ‘भाऊबंदकी’ शब्द बनवला आणि त्याचा अर्थ ठेवला भांडण. ज्याला पाठच्या भावानं कोर्टात खेचलं, तो ‘जनावर बरं’ म्हणतो तेव्हा जनावराबद्दल बोलत नसतो. त्यांना भाषणाबद्दल विचारू नका, बागेबद्दल विचारा. नातवाला समोर बसवून विचारलंत तर फारच बरं. पहिला बहार कधी धरला, भावासोबत ओलीत कसं करायचे, पाण्याची पाळी कुणाची, हे ते सांगतील. भांडणाचंही सांगतील. त्यात मुलाला जेवढं कळायचं तेवढं कळेल.

मिस्टरांना ‘जंगलाचा कायदा’ फार आवडलेला दिसतो. मग अर्धा का, पूर्ण घ्या म्हणावं. वाघ बाप झाला तरी पिल्लांना शिकार भरवायला बसत नाही, सगळं वाघिणीवर. (पालकसभेला तुम्ही एकट्याच गेल्याचं लिहिलंय, म्हणजे हे कलम तुमच्याकडे आधीच लागू असावं.) ‘दम असेल तो जगतो’ हे डार्विनच्या नावावर खपतं, पण तो शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864 चा, डार्विननं नंतर उचलला. आणि त्यातला ‘लायक’ म्हणजे त्या जागी, त्या हवापाण्याला जुळणारा. दांडगा नव्हे. केनियातल्या बबून माकडांची एक टोळी रॉबर्ट सापोल्स्की हे संशोधक बघत होते. 1980 च्या दशकात तिथल्या हॉटेलच्या उकिरड्यावरचं क्षयाचं मांस खाऊन टोळीतले निम्म्याच्या आसपास नर मेले. उकिरड्यावर मारामारी करून घुसणारे दांडगेच ते, म्हणून तेच मेले. उरले ते जरा नरम नर आणि माद्या. पुढे बाहेरून नवे नर येत गेले, तेही याच टोळीची नरमाई शिकले. वीसेक वर्षांनी हे छापून आलं तोवर पहिले नर हयात नव्हते, वळण मात्र टिकलेलं होतं. माकडालाही शेजार बघून वळण लागतं. आणि तुमचा मुलगा घरात काय बघतो, हे मिस्टरांना कोण सांगणार? तुम्हीच. रात्री, तो झोपल्यावर, न भांडता.

पण मिस्टरांच्या वाक्यात एक खरी बातमी दडलेली आहे: शाळेतला पोट्टा. तुम्ही त्यावर अर्धी ओळसुद्धा लिहिली नाही. कोण आहे, काय करतो, कधीपासून?

इथे आता त्या कंसातल्या ओळीकडे येते. ‘त्याच्या आईनं त्याले काऊन नाही वाचवलं?’ तीन वेळा विचारलं त्यानं, आणि तुम्हाला. आबाजींना विचारलं नाही, बाबांना विचारलं नाही. घरातले मोठे दीड महिना माणूस वाईट की जनावर, यावर हुज्जत घालून राहिले आणि पोराचा प्रश्न प्राणिशास्त्राचा नव्हताच. मोठा, दांडगा कुणी अंगावर आला तर माझी आई मला वाचवेल का, हे विचारतोय तो. आणि शाळेत एक दांडगा आहे.

आधी वानरीचं खरं उत्तर द्या, कारण ते तुमच्या बाजूचं आहे. माद्या वाचवायला जातात. आईच काय, टोळीतल्या दुसऱ्या माद्या, अगदी म्हाताऱ्यासुद्धा, हुप्प्याच्या अंगावर धावून जातात. माउंट अबूला हे वारंवार पाहिलं गेलंय. पण हुप्प्या मादीपेक्षा बराच मोठा, सुळे मोठे, आणि तो एकदा हाकलला म्हणून थांबत नाही, दिवसेंदिवस पाळतीवर राहतो. काही माद्या पिल्लू घेऊन टोळीपासून दूर राहून बघतात. मेलेलं पिल्लू आई कधीकधी कितीतरी दिवस छातीशी धरून फिरते. तुमच्या मुलानं जाळीतून शेवटचा क्षण पाहिला. आधीचे चार दिवस छतांवरचा जो धुडगूस तुम्ही लिहिलाय, त्यात ती आई काय करत होती असं वाटतं तुम्हाला?

हे सांगताना वाक्यं लहान ठेवा. ‘गोट्याच्या आईनं खूप प्रयत्न केला. तो हुप्प्या फार ताकदीचा होता. तिला जमलं नाही. तिची चूक नव्हती, आणि तुझीही नव्हती.’ शेवटचं वाक्य विसरू नका. शनिवारच्या पोळ्यांमुळे हे घडलं, आपण लाड केले म्हणून वानरं आली, असलं काहीतरी मुलं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत. नवा नर टोळीत येतो तो पोळीसाठी नाही, टोळीसाठी.

मग तो गप्प बसेल, किंवा विचारेल, ‘तू मले वाचवशील?’ तेव्हा भाषण देऊ नका. ‘हो’ म्हणा. आणि सांगा, की माणसाच्या पोराला वाचवायला एकटी आई नसते. बाबा असतात, आबाजी असतात, शेजारच्या काकू, वर्गशिक्षिका, पोलीस. माणसांनी या कामाला बरीच माणसं लावून ठेवली आहेत. आणि हे बोललात की दुसऱ्याच दिवशी शाळेत जा, कारण नाहीतर ते खोटं ठरेल. आधी मुलाकडून काढून घ्या, पण समोर बसवून नको. स्कूटरवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, अशा वेळी मुलं बोलतात. मग वर्गशिक्षिकेला भेटा, तोंडी सांगा आणि लेखीही द्या, तारखेसह. यावेळी मिस्टरांना सोबत न्या. पोरगा बाबांना शाळेच्या फाटकातून आत येताना बघेल, त्याचा परिणाम दोन ठोशांपेक्षा जास्त होईल. आणि समोरचा पोट्टाही दहा-अकरा वर्षांचाच असेल, हे तिथे बोलताना लक्षात असू द्या.

झोपेचं म्हणाल तर दीड महिना झाला, आता फार वाट पाहू नका. बोलून, शाळेचं मार्गी लावूनही आणखी दोन-तीन आठवडे तो दचकत राहिला, अंथरूण ओलं करू लागला किंवा शाळेत जायलाच नको म्हणाला, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. मेडिकलला (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोनवरही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ‘वेड लागलं का पोराला’ असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या. अपघात, मारामारी, घरातलं मरण पाहिलेल्या कुठल्याही मुलाच्या आईबापांना माझं हेच सांगणं असतं: त्यानं काय पाहिलं ते त्याच्याच शब्दांत एकदा पूर्ण ऐकून घ्या, मध्ये दुरुस्ती न करता.

वानरांचं व्यवहारापुरतं: पोळ्या बंद करा. आबाजींना वाईट वाटेल, शनिवारचा नेम आहे, तर तो नेम एखाद्या झाडाला पाणी घालण्यावर न्या. खाण्याच्या आशेनं टोळी घराला चिकटते आणि हुसकावताना माणसांना चावे बसतात. नवा हुप्प्या आला की काही दिवस मुलांना एकटं गच्चीवर सोडू नये, जिन्याचं दार लावून ठेवावं. दगड, फटाके नको. वानरांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जखमी पिल्लू दिसलं तर उचलायला जाऊ नका, टोळी अंगावर येते. वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

आणि भाषण. त्याला म्हणायचं नसेल तर नाव मागे घ्या, एका स्पर्धेनं काही अडत नाही. पण मला वाटतं त्याच्याकडे आबाजींपेक्षा चांगलं पहिलं वाक्य आहे. ‘जनावर जनावराला मारतं का? मी पाहिलंय.’ तिथून पुढे त्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या. मध्ये आबाजींचा बोका, कोंबडी, वळू येऊ द्या, लिहायला दोघांना एकत्र बसवा. शेवट त्यांना सुचला नाही तर तसाच ठेवा. परीक्षकांना टाळीचं वाक्य लागतं, बक्षीस बहुधा नाही मिळणार.

एक शेवटचं. महिन्याभरात, तो तयार झाला तर, एखाद्या साध्या वारी सकाळी आबाजींना आणि त्याला रामटेकला घेऊन जा. गडावरच्या पायऱ्यांवर वानरं भरपूर, आणि तिथे तो नुसता बघायला असेल, खायला घालायला नाही. एखादं नवं जन्मलेलं पिल्लू दिसलंच, तर ते ओळखू येतं. आई राखाडी आणि ते काळपट. मग नीट बघा ते कुणाच्या हातात आहे. वानरांत पिल्लू पहिल्या दिवसापासून टोळीतल्या माद्यांच्या हातोहात फिरतं, मावश्या, बहिणी, आजी ओढाओढ करून घेतात. आई निवांत पानं खात बसलेली असते आणि पोर भलतीच्याच मांडीवर. कुणाकडे गेलं, कोण परत देईना, हे मोजायला त्याला वही द्या. आठच्या आत पोचा, उशीर झाला की प्रसादाच्या पिशव्यांवर धाडी सुरू होतात. आणि आबाजींना म्हणावं, चष्मा खिशात ठेवा.